मिक्स ब्रीड कुत्रा आणलाय? त्याच्या आईबापाच्या ब्रीड्स कशा वाचायच्या ते बघू

मिक्स कुत्रा घरी आला की भेटेल तो माणूस एकच विचारतो, कुठली ब्रीड आहे हो? आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच अंदाज ठोकून मोकळा होतो. कान उभे दिसले की जर्मन शेफर्ड, शेपूट वळलेलं दिसलं की हस्की, तोंड चपटं दिसलं की पग. त्यात वाईट काही नाही, पण नवीन माणूस हेच अंदाज खरे धरून चालतो आणि मग ट्रेनिंग तसंच, व्यायाम तसाच, अपेक्षाही तशाच. माझं मत सरळ आहे, आईबापाची ब्रीड कळली तर कशाकशावर नजर ठेवायची ते कळतं, कुत्रा कसा आहे ते मात्र त्याच्याकडे बघूनच कळतं. खालचं सगळं याच हिशोबाने लिहिलंय. क्रमाने वाचलंत तर बरं, पण घाई असेल तर तब्येतीचा भाग आधी वाचा.

१. नेमकं काय आलंय घरात?

सगळे मिक्स एकसारखे नसतात. एक प्रकार म्हणजे ठरवून केलेला क्रॉस, आई एका शुद्ध ब्रीडची आणि बाप दुसऱ्या शुद्ध ब्रीडचा, याला ब्रीडर लोक एफ१ म्हणतात. कॉकापू (कॉकर स्पॅनियल आणि पूडल), लॅब्राडूडल (लॅब्राडोर म्हणजे लॅब आणि पूडल), कॅव्हापू (कॅव्हेलियर स्पॅनियल आणि पूडल), पगल (पग आणि बीगल), पॉम्स्की (पोमेरेनियन आणि हस्की) ही नावं ऐकली असतील, ती यातूनच आलेली. एफ१ला परत एका मूळ ब्रीडशी जोडलं की एफ१बी, म्हणजे साधारण ७५ टक्के एक ब्रीड आणि २५ टक्के दुसरी, आणि डूडलमध्ये, म्हणजे पूडलच्या क्रॉसमध्ये, बहुतेक वेळा परत पूडलशीच जोडतात, केस कुरळे यावेत म्हणून. दोन एफ१चं पिल्लू म्हणजे एफ२.

हे माहीत असायला हवं कारण कुत्र्याला ७८ गुणसूत्रं असतात, ३९ आईकडून आणि ३९ बापाकडून, त्यामुळे एफ१मध्ये वाटणी सरळ निम्मी-निम्मी होते आणि पिल्लं त्यातल्या त्यात एकमेकांसारखी निघतात. एफ२पासून मात्र पत्ते नव्याने पिसले जातात, एकाच वेतातलं एक पिल्लू कुरळं आणि दुसरं सपाट केसांचं, एक शांत आणि एक भिंतीवर चढणारं. म्हणून कोणी सांगितलं की "आमच्या मागच्या वेतातली सगळी अशीच निघाली" तर ते एफ१चं वेत होतं की एफ२चं एवढं विचारून घ्या.

दुसरा प्रकार ज्याच्या घराण्याचा पत्ताच नाही तो, मिक्सच्या पोटी मिक्स असं तीनचार पिढ्या चाललेलं. यात एखादी ब्रीड १२ टक्के निघाली तर ती पणजोबांपैकी कोणीतरी एक असेल, त्यावरून कुत्र्याचं व्यक्तिमत्त्व ठरवायला जाऊ नका.

तिसरा प्रकार लोक विसरतात, गावठी कुत्रा. हा मिक्स नव्हेच. आज आपण ज्यांना ब्रीड म्हणतो त्यातल्या बऱ्याचशा गेल्या दीडदोनशे वर्षांत साच्यात बसवलेल्या आहेत, इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला पहिला डॉग शो १८५९ मध्ये भरला आणि केनेल क्लब १८७३ मध्ये निघाला. कुत्रा मात्र माणसाबरोबर हजारो वर्षं राहतोय. तेव्हा जगभर मोकळी फिरणारी जी कुत्री आहेत ती सगळी कुठल्या तरी ब्रीड्सची खिचडी नाहीत, बऱ्याच ठिकाणी ती ब्रीड्सच्या आधीपासूनची आहेत. अशा कुत्र्याच्या आईबापाच्या ब्रीड शोधत बसण्यात अर्थ नाही, सरळ वागणुकीच्या, म्हणजे सहाव्या भागाकडे या.

२. रूपावरून अंदाज करा, पण पेन्सिलने लिहा

अंदाज करू नका असं मी म्हणत नाही, मजा येते. फक्त रूप किती फसवतं ते समजून घ्या. स्कॉट आणि फुलर या अमेरिकन संशोधकांनी बसेंजी आणि कॉकर स्पॅनियल यांचे क्रॉस करून वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि तो १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातली बरीच पिल्लं दिसायला ना बसेंजी ना कॉकर, भलतीच कुठली तरी ब्रीड वाटावी अशी. शेल्टरने कागदावर लिहिलेली ब्रीड आणि डीएनए रिपोर्ट यांची तुलनाही लोकांनी करून बघितलीय, मेळ फारच कमी बसतो, आणि हे रोज कुत्री हाताळणाऱ्या लोकांचे अंदाज बरं का.

कारण असं की दिसण्याच्या ठळक गोष्टी मोजक्या जीन्सवर चालतात. केस आखूड की लांब, सरळ की कुरळे, तोंडावर दाढीमिशा आहेत का, या तीन गोष्टी मुख्यतः तीन जीन्स ठरवतात, हे २००९ मध्ये स्पष्ट झालं. त्यात आखूड केस लांब केसांवर मात करतात, म्हणजे आईबाप दोघं आखूड केसांचे असून पोटी लांब केसांचं पिल्लू येऊ शकतं. दाढीमिशांचं उलटं, एका बाजूनेच आली तरी दिसते, म्हणून पूडल किंवा श्नाउझरच्या क्रॉसला ती म्हाताऱ्या आजोबांसारखी दाढी. आखूड पाय पण तसेच, डॅक्सहुंड किंवा कॉर्गी एका बाजूला असला की पुरतं. लॅबच्या क्रॉसमध्ये काळी पिल्लं भरपूर निघतात, अगदी पिवळ्या लॅबची सुद्धा, कारण पिवळ्या रंगाखाली काळा दबलेला असतो, पण म्हणून प्रत्येक काळा कुत्रा लॅब नसतो. आणि जिभेवर निळे-काळे डाग दिसले की चाउ चाउ आहे म्हणणारे भेटतीलच, ते डाग कितीतरी ब्रीड्समध्ये असतात.

३. आईला बघा, बापाची चौकशी करा

पिल्लू ब्रीडरकडून घेत असाल तर ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि लोक हीच सोडतात, गोंडस फोटो बघितला की संपलं. आई समोर बघायलाच हवी, पिल्लांसोबत. ती अनोळखी माणसाला कशी भेटते, दचकते का, गुरगुरते का, तिचं वजन किती, वय किती. घाबरट आईची पिल्लं घाबरट निघण्याची शक्यता जास्त, त्यात रक्ताचा भाग आहे आणि पहिल्या काही आठवड्यांत तिच्याकडे बघून शिकण्याचाही. बाप समोर नसेल तर त्याचे तपासण्यांचे कागद मागा. कागद म्हणजे वंशावळीचं सर्टिफिकेट नाही, मोठे केनेल क्लब अशा ठरवून केलेल्या डिझायनर क्रॉसला ब्रीड मानतच नाहीत, तेव्हा त्या चकचकीत सर्टिफिकेटला फार भुलू नका. कागद म्हणजे खुब्याचे एक्स-रे, डोळ्यांची तपासणी, जेनेटिक टेस्ट. "क्रॉस असल्यामुळे टेस्टची गरज नाही" असं ऐकलं की मी तरी तिथून उठते.

शेल्टरमधून घेत असाल तर आई मिळाली तर मिळाली. एक लक्षात ठेवा, एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात, त्यामुळे भावंडाचा रिपोर्ट म्हणजे तुमच्या पिल्लाचा रिपोर्ट नाही.

४. डीएनए टेस्ट करायची का

उत्सुकता म्हणून केली तरी हरकत नाही, पण माझ्या मते खरा उपयोग ब्रीड टक्केवारीपेक्षा आजारांच्या पॅनलचा आहे, तेव्हा दोन्ही देणारी टेस्ट घ्या. गालाच्या आतून स्वॅब फिरवायचा असतो. त्याआधी किटवर लिहिलंय तितका वेळ काही खायला देऊ नका, दुसऱ्या कुत्र्याशी तोंडातोंडी खेळू देऊ नका, आणि अंगावर पिणारं पिल्लू असेल तर थांबा, आईच्या पेशी त्याच्या तोंडात मिसळतात.

रिपोर्ट वाचताना वरच्या मोठ्या आकड्यांवर विश्वास ठेवा, तळाच्या दोनतीन टक्क्यांवर नको. कंपनी तुमच्या कुत्र्याचा डीएनए स्वतःकडच्या नमुन्यांशी ताडून बघते, जी ब्रीड त्यांच्या साठ्यात नाही ती रिपोर्टमध्ये येणारच नाही, तिच्या जागी जवळची कुठली तरी येईल. म्हणून गावठी कुत्र्यांचे रिपोर्ट कधी कधी इतके चमत्कारिक येतात की हसू येतं.

५. ब्रीडचा स्वभाव नाही, ब्रीडचं काम वाचा

ब्रीडची माहिती वाचायला घेतली की सगळीकडे तेच, प्रेमळ, निष्ठावान, मुलांसोबत छान. हे प्रत्येक ब्रीडबद्दल लिहिलेलं असतं, त्यातून काहीही कळत नाही. त्याऐवजी हे बघा की त्या ब्रीडला मुळात कशासाठी तयार केलं.

बॉर्डर कोली, ऑस्ट्रेलियन शेफर्ड, कॉर्गी, ही गुरंमेंढरं हाकणारी कुत्री. यांच्या मिक्सला हलणारी गोष्ट दिसली की मागे लागायचं सुचतं, धावणारी मुलं, सायकली, आणि कॉर्गी वगैरे तर टाचांना तोंड लावतात, ते चिडणं नाही, काम आहे. रिट्रीव्हर म्हणजे तोंडात धरून आणणारे, तेव्हा बूट, उशा, रिमोट सगळं तोंडात. टेरियर उंदीर-घुशी मारायला बनवलेले, उकरणार, चिंचोळ्या जागेत घुसणार, आणि लहान प्राणी घरात असतील तर तुम्हाला डोळ्यात तेल घालून राहावं लागेल. बीगलसारखा हाउंड वासाच्या मागे लागला की त्याला तुमची हाक ऐकू येत नाही असं नाही, तिचं त्याला काही पडलेलं नसतं, आणि तो रडल्यासारखा लांब सूर काढतो तोही शिकारी माणसाला पत्ता सांगायला. ग्रेहाउंडसारखे नजरेने शिकार करणारे घरात तासन्‌तास लोळतील पण लांबवर मांजर पळताना दिसली तर गेले. हस्की अंतर कापणारा. राखणीच्या ब्रीड्स, रॉटवायलर, मास्टिफ, यांना अनोळखी माणसाबद्दल मुळातच शंका असते, त्यामुळे पिल्लू असतानाच लोकांची सवय लावणं यांच्यात जास्त गरजेचं. पूडलला लोक शोभेचा समजतात, तो पाण्यातून पक्षी आणणारा शिकारी कुत्रा होता आणि डोक्याने तल्लख आहे, म्हणजे रिकामा ठेवलात तर उद्योग शोधणार.

आता क्रॉसमध्ये दोन कामं समोरासमोर ठेवून बघा. पॉम्स्की घेतलात तर एका बाजूला मैलोन्‌मैल धावणारा आणि दुसऱ्या बाजूला सतत आवाज देणारा, दोन्ही आले तर झेपेल का? कुठलं येणार ते आधी सांगता येत नाही, वाईट जोडी धरून विचार करा आणि ती झेपत असेल तरच आणा.

पण हेही लिहून ठेवा की २०२२ मध्ये सायन्स या नियतकालिकात आलेल्या मोठ्या अभ्यासात, १८ हजारांहून जास्त कुत्र्यांची माहिती आणि दोन हजारांवर कुत्र्यांचा डीएनए तपासून असं दिसलं की एकेका कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकांपैकी साधारण ९ टक्केच ब्रीडवरून सांगता येतात. माणसाच्या सूचनेला किती पटकन प्रतिसाद देतो यासारख्या गोष्टीत ब्रीडचा हात त्यातल्या त्यात जास्त, कशाने बिचकतो किंवा चिडतो यात जवळपास नाहीच. म्हणजे वरची यादी फेकून द्या असं नाही, ती ताडून बघा, आणि तेच पुढचं काम.

६. घरात बसून बघायच्या गोष्टी

पहिल्या काही दिवसांवरून मत बनवू नका, नवीन घरात बरीच कुत्री दबून असतात आणि खरा स्वभाव रुळल्यावर बाहेर येतो. रुळला की मग बघा. बॉल टाकला तर नुसता बघतो, पळत जाऊन तिथेच चघळत बसतो की परत आणून देतो. खाऊ चादरीखाली लपवला तर नाकाने शोधतो की तुमच्या तोंडाकडे बघत मदत मागतो, यातून पुढे ट्रेनिंग कसं करायचं ते बरंच कळतं, तुमच्याकडे बघणारा लवकर शिकेल, नाकाने शोधणाऱ्याला हुंगायला देणं हेच बक्षीस. बेल वाजली की भुंकतो, दाराकडे धावतो की तुमच्या मागे येऊन लपतो. आणि दमल्यावर खरंच झोपतो का, कारण काही कुत्र्यांना थांबणं जमतच नाही आणि लोक समजतात अजून व्यायाम हवा, मग अजून फिरवतात, आणि कुत्रा अजून पेटतो.

पिल्लू असेल तर ३ ते १४ आठवडे हा काळ हातचा घालवू नका. या वयात माणसं, आवाज, फरशीचे प्रकार, छत्री, व्हीलचेअर जे जे हसतखेळत बघितलं त्याची पुढे भीती कमी राहते. लसीकरण पूर्ण व्हायचं असेल तर कडेवर घेऊन फिरवा, जमिनीवर सोडायची गरज नाही.

७. केस

इथे नव्या लोकांची सगळ्यात जास्त फसगत होते, त्यामुळे जरा सविस्तर. १९८० च्या दशकाच्या शेवटी ऑस्ट्रेलियातल्या गाइड डॉग संस्थेत वॉली कॉनरन यांनी लॅब आणि स्टँडर्ड पूडलचा क्रॉस केला, कारण हवाईमधल्या एका अंध बाईंना गाइड डॉग हवा होता आणि त्यांच्या नवऱ्याला कुत्र्याच्या केसांची अ‍ॅलर्जी होती. तीन पिल्लं झाली, त्यांचे केस आणि लाळ तपासायला पाठवली, आणि त्रास न देणारं एकच निघालं. हे तीनपैकी एक लोक विसरले आणि लॅब्राडूडल म्हणजे अ‍ॅलर्जी नाही एवढंच लक्षात राहिलं. खुद्द कॉनरन यांनी नंतर या सगळ्या फॅशनबद्दल पश्चात्ताप बोलून दाखवला. अ‍ॅलर्जी केसांमुळे नसते, लाळ आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रोटीनमुळे असते, आणि कमी केस गळणाऱ्या ब्रीड्सच्या घरातही ते प्रोटीन सापडतं. घरात कोणाला अ‍ॅलर्जी असेल तर त्या माणसाने त्याच कुत्र्यासोबत वेळ काढून बघावा, ब्रीडचं नाव बघून पिल्लू आणू नये.

दुसरं, कुरळा मिक्स गळत नाही म्हणजे काम कमी असं समजू नका, उलट आहे. गळालेला केस आतच अडकतो, जटा होतात, आणि वरून ब्रश छान फिरला तरी कातडीशी गाठी तशाच. भांग पाडून मुळापासून विंचरा, शेवटी लोखंडी कंगवा अडकता कामा नये. कानामागे, काखेत आणि पट्ट्याखाली आधी होतात. पिल्लाचे मऊ केस जाऊन मोठेपणीचे येतात तो काळ साधारण ६ ते १२ महिन्यांचा, तेव्हा रोज विंचरावं लागतं. हस्की, शेफर्ड असे दुहेरी केस असतील तर उकडतंय म्हणून पूर्ण भादरू नका, आतली लव ब्रशने काढली तरी बास.

८. तब्येत, म्हणजे आईबापाची ब्रीड जिथे खरोखर कामाला येते

"मिक्स कुत्रे आजारीच पडत नाहीत" हे अर्धं खरं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी २०१३ मध्ये २७ हजारांहून जास्त कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या, २४ आनुवंशिक आजार घेतले, त्यातले १० शुद्ध ब्रीडमध्ये जास्त दिसले, १ मिक्समध्ये जास्त आणि उरलेल्या १३ मध्ये फरकच नाही. त्या तेरात खुब्याचा डिसप्लेसिया, म्हणजे खुब्याचा सांधा नीट न बसणं, पण आला.

यामागचा हिशोब सोपा आहे. बरेच आनुवंशिक आजार दोन्ही बाजूंनी खराब जीन आली तरच होतात, आईबाप वेगळ्या ब्रीडचे असले की ही शक्यता घटते, पण एकच खराब जीन दोन्ही ब्रीड्समध्ये असेल तर क्रॉस करून काय उपयोग? लॅब, पूडल आणि कॉकर तिन्हींमध्ये डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी करणाऱ्या पीआरएचा एकच प्रकार आढळतो, तेव्हा लॅब्राडूडल किंवा कॉकापू घेताना ती टेस्ट मागायलाच हवी. दोन मोठ्या ब्रीड्स असतील तर खुबे आणि कोपरं, दोन छोट्या असतील तर गुडघ्याची वाटी सरकणं आणि दात. कॅव्हेलियर एका बाजूला असेल तर हृदयाच्या झडपेसाठी दर तपासणीत स्टेथोस्कोप लावून मर्मर, म्हणजे ठोक्यांमधला जादा आवाज, ऐकायला सांगा. डॅक्सहुंड किंवा कॉर्गीचा अंश असेल तर पाठ लांब आणि मणक्यातली चकती लवकर झिजणारी, सोफ्यावरून उड्या कमी, वजन ताब्यात, आणि अचानक मागचे पाय लडखडले तर सकाळपर्यंत थांबू नका. पग, फ्रेंच बुलडॉग असा चपट्या तोंडाचा अंश असेल तर उन्हात धाप लागून जिवावर बेतू शकतं, मिक्सचं नाकाड थोडं लांब असलं तरी नाकपुड्या किती उघड्या आहेत ते व्हेटला दाखवा.

आता एक गोष्ट जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, एमडीआर१. ही जीन बिघडलेली असली की काही औषधं मेंदूत शिरतात आणि साठतात. कोलीमध्ये साधारण १० पैकी ७ कुत्र्यांत हा बिघाड असतो, ऑस्ट्रेलियन शेफर्डमध्येही बराच, आणि त्यांच्या मिक्समध्ये उतरतो, एका बाजूने आला तरी थोडाफार परिणाम होतो. जंतांच्या नेहमीच्या डोसमधलं आयव्हरमेक्टिन सहसा चालतं, पण खरजेसाठी देतात तो मोठा डोस किंवा गुराढोरांचं औषध अंदाजाने पाजलं तर कुत्रा कोमात जाऊ शकतो. माणसांची जुलाबाची लोपरामाइड गोळी सुद्धा यांना घातक. मेंढपाळ ब्रीडचा नुसता संशय असला तरी ही टेस्ट करून घ्या, टक्केवारी कळो ना कळो.

आणि मर्ल, म्हणजे ते सुंदर ठिपक्याठिपक्यांचे निळसर-राखाडी कुत्रे. दोन मर्ल एकत्र आणले तर साधारण चारातलं एक पिल्लू दुहेरी मर्ल होतं, म्हणजे मर्लची जीन दोन्ही बाजूंनी येते, त्यातली बरीच बहिरी, आंधळी किंवा दोन्ही. मिक्सच्या अंगावर मर्ल कधी कधी दिसतही नाही. वेत काढायचा विचारसुद्धा असेल तर आधी टेस्ट, नाहीतर सरळ नसबंदी.

९. वाढ आणि फाइल

छोटे मिक्स ८ ते १२ महिन्यांत पूर्ण वाढतात, मोठे दीड वर्षापर्यंत, त्याहून अवाढव्य असतील तर दोन वर्षं. पंजा मोठा म्हणजे कुत्रा मोठा होणार हे दर वेळी खरं नसतं, आईबापाचं वजन माहीत असेल तर त्या दोघांच्या मधलं काहीतरी धरा. मोठा होणार असं वाटत असेल तर मोठ्या ब्रीडच्या पिल्लांचं खाणं द्या आणि वरून कॅल्शियम पाजू नका, हाडं बिघडतात. नसबंदी कधी करायची तेही अंदाजे मोठेपणीच्या वजनावर ठरतं, मोठ्या कुत्र्यात थोडं थांबतात, व्हेटशी बोला.

शेवटी व्हेटच्या फाइलमध्ये "मिक्स" एवढंच लिहून घेऊ नका. आईबापाच्या ब्रीड कळल्या असतील तर त्या, नुसता संशय असेल तर "संशय" असं स्पष्ट, एमडीआर१चा निकाल, आणि ग्रेहाउंडचा अंश असेल तर तोही, कारण भूल देण्याच्या काही औषधांचा असर त्यांच्या अंगातून उशिरा उतरतो. याच पानाचा फोटो फोनमध्ये ठेवा आणि घरातल्या बाकीच्यांनाही पाठवून ठेवा, अपरात्री इमर्जन्सीला जो डॉक्टर भेटेल त्याने तुमचा कुत्रा आधी कधी पाहिलेला नसेल आणि त्याला ही माहिती भूल द्यायच्या आधी हवी असते.